दिवसाला एक मिलिमीटर

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी सणसणीत कळ जाते, ती ज्या नसेतून जाते तिला डॉक्टर अल्नर नर्व्ह म्हणतात. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून ती एका अरुंद बोगद्यातून उतरते. तिथे तिच्यावर ना मांस ना चरबी, नुसती कातडी. माझ्या उजव्या हाताची नस तिथेच दबली होती. गेल्या डिसेंबरात शस्त्रक्रिया करून ती हाडामागून सोडवली, पुढच्या अंगाला आणून ठेवली, आणि हात गळ्यात बांधून मला घरी पाठवलं. घर म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गावरचं आमचं सरकारी क्वार्टर. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात घरी बसून जे उमगत गेलं, ते लिहिते आहे. तुमचं दुखणं वेगळं असेल, कोपराऐवजी गुडघा असेल, डोळा असेल. पण यातलं काही ना काही तुमच्याही ओळखीचं निघेल.

१. टाके निघाले म्हणजे दुखणं संपलं असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, आणि मलाही तसंच वाटत होतं. सर्जननी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "हमने रास्ता खोल दिया है, चलना तो उसे ही है." दबून सुकलेले तंतू कोपरापासून पुन्हा वाढू लागतात आणि त्यांचा वेग असतो साधारण दिवसाला एक मिलिमीटर. महिन्याला जेमतेम एक इंच. कोपरापासून तळहातापर्यंतचं अंतर शिवणाच्या टेपने मोजलं, तर तीस सेंटिमीटरच्या आसपास भरलं. म्हणजे दहा महिने, तेही सगळं सुरळीत झालं तर. हीच नस निरोप पोहोचवते तेव्हा मात्र सेकंदाला पन्नास मीटरहून जास्त वेगाने. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर असा वेग पहिल्यांदा मोजून दाखवला. तोवर तो मोजताच येणार नाही असं भलेभले मानत होते. त्या वेगाने निघालेला निरोप कॅनॉट प्लेसच्या टोकापासून इंडिया गेटच्या वर्तुळापर्यंत, म्हणजे आमचा अख्खा रस्ता, मिनिटभराच्या आत पार करेल. आणि वाढीच्या वेगाने निघालेल्या तंतूला तोच रस्ता नुसता आडवा ओलांडायचा म्हटलं तरी माणसाचं आयुष्य पुरेलच असं नाही. दोन्ही वेग एकाच नसेचे. इतकी वर्षं मला पहिलाच ठाऊक होता.

२. मुठीत केवढं बळ करंगळीकडून येतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कृष्णाने गोवर्धन करंगळीवर तोलला ही गोष्ट लहानपणी किती वेळा ऐकली असेल. त्यातल्या बोटाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. ही नस करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला स्पर्श देते, पण तिचं मोठं काम तळहातातल्या लहान लहान स्नायूंचं. बोटं फाकवणं, पुन्हा जुळवणं, अंगठा तर्जनीच्या कुशीत दाबून धरणं, हे सगळं तिच्यावर चालतं. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक कागद धरायला दिला आणि म्हणाले, ओढू देऊ नका. मी जीव खाऊन धरला, तर अंगठ्याचं टोक आपोआप वाकलं आणि कागद सरकन निघून गेला. फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये सांगितलेली ही खूण आहे. कागद गेला तेव्हा मला एकदम महिनोन्‌महिन्यांच्या गोष्टींचा अर्थ लागला. कुलपात किल्ली फिरत नव्हती, लसणाच्या पाकळीचं साल सुटत नव्हतं, साडीच्या निऱ्या चिमटीत ठरत नव्हत्या, कणीक मळताना हात पहिल्या पाच मिनिटांत गळून जात होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा कधी खोलगट झाला, तेही कळलं नव्हतं. आपण हाताला एक अवयव समजतो. त्याच्या आत किती जण मिळून काम करत असतात, हे एक जण थांबल्याशिवाय दिसत नाही.

३. झोपेत आपण काय करतो यावर आपला ताबा नसतो, आणि नेमकं तिथेच पुष्कळ काही ठरतं. कोपर वाकलं की बोगदा अरुंद होतो आणि नस ताणली जाते. दिल्लीच्या थंडीत रजईत शिरलं की माणूस हात छातीशी घेऊन मुटकुळं करतोच. हाताला बांधलेलं स्प्लिंट निघाल्यावर मला रात्री कोपराभोवती जाड टॉवेल गुंडाळून झोपायला सांगितलं होतं, म्हणजे ते पुरतं वाकणारच नाही. वर्धेहून आईचा फोन रोज रात्री, "हात वाकवू नको बरं, सरळ ठेवूनच झोपजो." मी हो म्हणायचे. तिला वाटायचं, तिच्या सांगण्याने झोपेतही हात सरळ राहील. आणि खरं सांगते, त्या फोनने मला टॉवेलाइतकाच धीर यायचा.

४. दुखण्याची वाट पाहावी लागेल असं मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. शस्त्रक्रियेसाठी काखेजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलं होतं. त्या संध्याकाळी माझा हात पलंगावर माझ्या शेजारी होता, पण माझा नव्हता. डाव्या हाताने उचलला तर जड, कोमट, परका. दुसऱ्या दिवशी पहाटे जखम ठणकायला लागली, आणि ठणक्याच्या मागून हात परत आला. पुढे झिणझिण्यांचंही तेच झालं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी रात्रीची झोप घालवली होती. नंतर त्याच झिणझिण्या शुभवर्तमान घेऊन येऊ लागल्या. थेरपिस्ट मुलगी नसेच्या वाटेवर बोटाने हलकेच टिचक्या मारत खाली येते. जिथे टिचकी मारल्यावर करंगळीत वीज चमकते, तिथवर नवे तंतू पोहोचले असं समजायचं. तिथे ती निळ्या पेनाने एक रेघ काढते. ही खूणही १९१५ चीच. पहिलं महायुद्ध चालू होतं, गोळ्यांनी नसा तुटलेले सैनिक इस्पितळांत पडले होते. फ्रान्समध्ये ज्यूल तिनेल आणि जर्मनीत पाउल हॉफमान, एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांतले दोघं, त्याच वर्षी स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला पोहोचले. दोन्हीकडचे सैनिक डॉक्टरांच्या बोटाखाली सारखेच दचकत असणार. माझ्या हातावरची निळी रेघ मनगटाकडे सरकायला लागली, तसतसा मला त्या अनोळखी सैनिकांविषयी एक जिव्हाळा वाटू लागला आहे.

५. मदत घेणं हे मदत करण्याहून अवघड काम आहे. माझे केस लांब आहेत आणि एका हाताने वेणी घालता येत नाही. नवरा स्वयंपाक करायला लागला, भांडी घासायला लागला, पण वेणीपुढे त्याने हात टेकले. मग सासूबाई पुढे झाल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरतात. सकाळी बाल्कनीत ऊन आलं की त्या खुर्चीवर आणि मी त्यांच्या पायाशी. "मान ताठ ठेव गं," एवढंच मधूनमधून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या डोक्यावर इतका वेळ हात ठेवल्याचं मला आठवत नाही. त्यांच्याही बोटांना थंडीत कळा येत असतात, हे मला त्या बसण्यात कळलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता माझे दोन्ही हात वर जातात, वेणी घालता येते. तरी रविवारी आम्ही तशाच बसतो.

संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या. दर वर्षी मी बोलावते, या वर्षी राहू दे म्हणत होते, पण त्या आपणहून तिळगूळ, वाणं, सगळं घेऊन आल्या. कुंकू अनामिकेने लावायचं, उजव्या हाताच्या. आणि ती अनामिका तर अर्धीच माझी. मधल्या बोटाच्या बाजूने तिला कळतं, करंगळीच्या बाजूने कळत नाही. मी डावा हात पुढे करणार, तेवढ्यात करोलबागेच्या एक वयस्क काकू माझ्यासमोर बसल्या. त्यांनी माझं ते बोट धरून करंड्यात टेकवलं आणि हात उचलावा लागू नये म्हणून स्वतःचं कपाळ माझ्या बोटाशी खाली आणलं. बोटाच्या एका अंगाला कुंकवाची कोरडी, रवाळ भुकटी लागत होती, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्यांच्यामागून बाकीच्या सगळ्या जणी त्याच पद्धतीने वाकल्या.

६. रस्त्याचं नाव रोज पत्त्यात लिहूनही आपण ते वाचत नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी दुपारच्या उन्हात हात गळ्यात घेऊन या रस्त्यावर फिरायला लागले आणि तो मला पहिल्यांदा नीट दिसला. ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवरचं ते प्रचंड झाड, मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवरात कडप्प्याच्या काळ्या फरशीचं. इमारत चार्ल्स कोरियांची, १९९२ ची. भिंतीवरचं चित्र हॉवर्ड हॉजकिन यांचं. पुढे नवं महाराष्ट्र सदन, २०१३ मध्ये उघडलेलं. तिथवर पोहोचलं की मराठी कानावर पडायची आणि परत फिरायला बळ यायचं.

हा पूर्वीचा कर्झन रोड. कर्झनच्या कारभाराबद्दल मला कसलीही आपुलकी नाही; बंगालची फाळणी त्याचीच. पण लहान वयात घोडेस्वारी करताना त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती, आणि तो जन्मभर कपड्यांच्या आत धातूचा पट्टा बांधून वेदना सोसत वावरला, हे स्प्लिंट बांधून या रस्त्याने चालताना आठवायचं. आणि मग कस्तुरबा. मी वर्धेची. सेवाग्रामला शाळेच्या सहली जायच्या, बा कुटीच्या सारवलेल्या जमिनीवर आम्ही मुली रांगेने बसायचो. त्या बांना शेवटच्या आजारात स्वतःचं घर मिळालं नाही. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत, २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या गेल्या. मी घरी होते. पायाशी सिगडी, शेजारी औषधं, हाकेच्या अंतरावर माणसं. घरी बरं होता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला त्यांच्या नावाच्या रस्त्यावर समजलं.

७. आपल्या दुखण्याआधी ते दुखणं दुसऱ्या कुणाचं तरी असतं. पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी माझ्या कोपरामागे दोन बोटं घालून नस चाचपली आणि विचारलं, अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का. मी नाही म्हटलं, पण प्रश्नाचा अर्थ वर्धेच्या मुलीला सांगावा लागत नाही. कुष्ठरोगात ज्या नसांवर घाला पडतो, त्यांत सगळ्यात जास्त वेळा हीच नस असते, आणि तीही इथेच, कोपराजवळ. ती जाड होते, चाचपताना दोरीसारखी हाताला लागते. मग करंगळी आणि अनामिका आत वळतात आणि तशाच राहतात. लहानपणी बाजारात मी अशी बोटं पाहिली होती. आमच्या गावाजवळ दत्तपूर आहे. १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाणांनी तिथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. तिथली माणसं भाजी घेऊन यायची. काही घरं ती भाजी घ्यायची, काही घ्यायची नाहीत. पैसे देताना लोक नाणी वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. आणि खाली धरलेल्या ओंजळीतून ती निसटायची, कारण बोटं जुळतच नव्हती. बोटं का जुळत नाहीत हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आज माझ्या हातातून सुट्टे पैसे पडतात तेव्हा ते कारण मला स्नायूच्या नावासकट माहीत आहे.

सेवाग्राममध्ये बा कुटीप्रमाणे परचुरे कुटीही आहे. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. कुष्ठरोग झाल्यावर ते आश्रमात आले, आणि गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं. स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करायचे. तो फोटो प्रसिद्ध आहे. मी तो शेकडो वेळा पाहिला असेल. आता पाहिला तेव्हा माझी नजर गांधीजींवरून सरकून शास्त्रीबुवांवर गेली. ज्या अंगाला लोक हात लावत नाहीत, त्याला कुणी तरी रोज हात लावतं आहे, हे त्यांना कसं वाटत असेल? थेरपिस्ट मुलगी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन जखमेच्या वणावर तेल चोळते, तेव्हा मला त्याचा थोडासा अंदाज येतो. माझ्या दुखण्याला कलंक नव्हता, म्हणून थोडासाच.

कुष्ठरोगाने आत वळलेली बोटं पुन्हा उघडता येतात, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं. चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून निकामी स्नायूचं काम त्याच्याकडे द्यायचं, अशी ती शस्त्रक्रिया. त्यांनी आणखी एक गोष्ट जगाला पटवली. कुष्ठरोग्याची बोटं रोगाने गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून भाजतं, कापतं, चिघळतं आणि त्यात ती जातात. मला स्वयंपाकघरात पहिली सूचना हीच मिळाली, तव्याजवळ करंगळी जपा, तिला चटका कळणार नाही. आज कुष्ठरोगावर हमखास औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, आणि वेळेवर घेतलं तर नस वाचते. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. हे मी सल्ला म्हणून लिहीत नाही, कळकळीने लिहिते आहे.

८. विश्रांती हे औषध सगळ्यांना परवडत नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं, फिजिओथेरपीच्या बाकावर. मला सरकारी नोकरीत भरपगारी वैद्यकीय रजा होती. बाकावर माझ्या शेजारी बसतो तो तरुण शिवणकाम करतो, सीलमपूरहून दोन बस बदलून येतो. त्याचीही तीच नस, तेच कोपर, शस्त्रक्रियाही माझ्याच सुमाराची. मशीनवर दिवसभर कोपर वाकवून आणि टेकवून बसायचं, त्यात नस गेली. आम्हा दोघांना थेरपिस्ट एकच व्यायाम देते. वाटीभर राजम्यात बटणं मिसळलेली, डोळे मिटून बोटांनी फक्त बटणं वेचायची. तो माझ्याहून कितीतरी सफाईने वेचतो; बटणं त्याच्या बोटांच्या ओळखीची आहेत. पण सुईत दोरा ओवता येत नाही, आणि तेच त्याचं पोट आहे. "मैडम, आपका कितना आ गया?" असं तो दर वेळी विचारतो, आणि आम्ही एकमेकांच्या हातावरच्या निळ्या रेघा पाहतो. माझी त्याच्यापुढे आहे.

का पुढे आहे, याची कारणं अनेक असतील; वय तर त्याच्या बाजूचं आहे. पण मी टाके निघाल्यावर घरी बसून राहिले आणि तो लगेच मशीनवर बसला, हे मला डोळ्यांनी दिसतं. कामगार राज्य विमा योजना आहे. तिच्याखाली आलेल्या कामगाराला आजारपणात पगाराचे सत्तर टक्के मिळतात, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत. त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो आनंदला. मग घरी येऊन मी नियम शोधले. कारखान्यात किमान दहा कामगार लागतात. पुढच्या खेपेला मी त्याला विचारलं, तुमच्याकडे किती जण आहेत? त्याने उजव्या हाताची बोटं वर करून मोजायला घेतली. करंगळी अजून पुरती सरळ होत नाही. "चार मशीनें हैं," तो म्हणाला.